मरणाचा कित्ता

नोकरीच्या आठवणी पेन्शनीतल्या माणसांनी लिहाव्यात. तोपर्यंत त्यांचे वैरी मेलेले असतात आणि चुका इतक्या जुन्या झालेल्या असतात की त्यांचा राग कोणाला येत नाही. माझे वय सव्वीस. वाचनालयाच्या मंडळींनी दिवाळीच्या पुस्तकासाठी मास्तरकीचे अनुभव मागितले, तेव्हा मी म्हणालो, तीन वर्षांत कसले आले आहेत अनुभव? ते म्हणाले, गमती लिहा. गमती आहेत. पण लिहायला बसलो की टाक एकाच पानाशी येऊन अडतो. तेव्हा तेच पान लिहितो. ज्यांना करमणूक हवी असेल त्यांनी पुढचा लेख काढावा.

मी अकोल्याला इंग्रजी हस्ताक्षर शिकवीत असे. अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाचे नशीब उघडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कापसाच्या मागोमाग इंग्रजी अक्षर गावोगाव शिरले, हे मात्र कोणी बोलत नाही. गाठीवर इंग्रजी खूण, वखारीच्या दारावर इंग्रजी पाटी, कचेरीतून सुटणारा परवाना इंग्रजी. ज्याला ते अक्षर येई तो माणूस, बाकीचे बैल. म्हणून मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एका माडीवर आमचा वर्ग भरे आणि त्यात मिसरूड न फुटलेल्यांपासून नातवंडे झालेल्यांपर्यंत सगळे मांडी घालून बसत. एका गुमास्त्याला फक्त सही शिकायची होती. तीन महिन्यांत तो अशी झोकदार सही करू लागला की ती त्याची त्यालाच वाचता येईना. दुसरा एकजण गाठींवर खुणा रंगवणारा. त्याला तीनच अक्षरे हवी होती. चौथे शिकवू लागलो तर म्हणाला, "हे कोनाच्या गाठीवर असते? नसते ना? मंग माहं डोकं कायले भरता?"

बाहेरच्यांसाठी कित्ता म्हणजे काय ते सांगतो. कागदावर रेघा आखायच्या. वरची ओळ मास्तरने आपल्या सुंदर वळणात लिहायची, खाली शिष्याने ती दहा वेळा गिरवायची. पानाच्या तळाशी शिष्य आपले नाव इंग्रजीत लिही, आणि पान पसंत पडले की मी तांबड्या शाईने त्यावर मोठी गोल सही ठोकी. त्या सहीचा मला अभिमान होता. तिच्या शेपटीला तीन वेटोळी असत.

वाक्यांचा अर्थ आम्ही सांगत नसू. आधी हात, मग डोके, असा वरिष्ठांचा नियम होता. मला तो पटला नव्हता. पण अर्थ सांगायचा तर वेळ दुप्पट लागतो आणि शिकणारे प्रश्न विचारतात. नियम मोडण्यासारखा होता, पण सोयीचाही होता. मी तो पाळला.

वाक्ये एका छापील विलायती पुस्तकातून येत. त्यात प्रत्येक अक्षराचे एक पान, आणि त्या पानावर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या म्हणी. डी हे मोठे अक्षर भारी अवघड. पोट फुगवायचे, माथ्यावरून दोर फेकल्यासारखी रेघ आणायची. आता इंग्रजीत मरणाचे नावच त्या अक्षराने सुरू होते, म्हणून ते पान सगळे मरणाचे. मरणाच्या घरी पंचांग नसते. मरण वैद्याला जुमानत नाही. मेलेला साक्ष देत नाही. ज्या मरणाची वाट पाहावी ते येत नाही. मरण आले की त्याला नाही म्हणता येत नाही. पाच ओळी, पाची कोरड्या. आपल्याकडे म्हातारी मेल्याचे दुःख नसते पण काळ सोकावतो, म्हणजे निदान एक म्हातारी तरी असते, तिच्यासाठी रडायचे की नाही एवढा तरी विचार असतो. या इंग्रजी म्हणींत माणूसच नाही. मला त्या आवडत. त्यांत भीती नाही, देव नाही, असे वाटे.

मी अमरावतीच्या भिक्षुकाचा मुलगा. वडील अंत्येष्टी सांगत आणि मी माळ्यावर बसून फुकट वाटलेली पत्रके वाची. पुण्याची, मुंबईची, पाद्र्यांची, सुधारकांची, दारूविरुद्धची, केशवपनाविरुद्धची, आणि एक पटकीच्या रोगावरचे, ज्यात लिहिले होते की हा रोग देवीच्या कोपाने येत नसून माणसाबरोबर आणि पाण्याबरोबर चालतो. ते मला पाठ होते. अकोल्यात आल्यावर मी पहिले भाषण केले ते मरीमायच्या गाड्याविरुद्ध. गावात पटकी आली की लोक लाकडाचा लहानसा गाडा करतात, त्यावर देवी बसवून, कडुलिंबाचे डहाळे बांधून तो वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतात. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलते. मी ओट्यावर उभा राहून म्हणालो, "तुम्ही आपले मरण शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकता आणि वर नारळ फोडता. याला धर्म म्हणता?" लोकांनी ऐकून घेतले. एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, तुमच्या गावी काय करतेत? घरातच ठेवून घेतेत का?"

त्या वैशाखात पटकी खरेच आली. कापसाच्या वखारींपुढे बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली, शेकडो बैल, शेकडो गाडीवान, आणि सगळ्यांना मिळून एक विहीर. सकाळी ज्याने जोत सोडले तो संध्याकाळी ओळखू येत नसे. डोळे खोल, बोटांची कातडी भिजल्यासारखी सुरकुतलेली, आवाज फाटका. कोणी रोगाचे नाव घेत नसे. "माय आली" एवढेच म्हणत. मी पत्रकात सांगितल्याप्रमाणे पाणी उकळून पीत असे, आणि तरीही पोटात जरा गुरगुरले की माडीच्या जिन्यावर बसून राही, हातपाय गार पडले का ते चाचपत.

सरकारने पूर्णेच्या घाटावर नाका बसवला. अकोल्याहून जाणारी बंडी कचेरीच्या परवान्याशिवाय नदीपलीकडे सोडायची नाही, असा हुकूम निघाला.

आणि माझा वर्ग भरू लागला.

मला वाटले होते, पटकीत वर्ग ओस पडेल. उलट गाडीवान येऊ लागले. मळके मुंडासे बांधून दाराशी बसत, एक पान गिरवीत, सही घेत आणि जात. सगळ्यांना एकच पान हवे असे, डी अक्षराचे. मी एकाला दुसरे पान देऊ केले तर त्याने त्याला हातसुद्धा लावला नाही. मी स्वतःशी म्हणालो, पाहा, मरण दाराशी आले की अडाणी माणूसही मरणाचाच विचार करतो, अर्थ न कळताही त्याचे मन तिकडे ओढ घेते. त्या अर्थाचे एक पत्रकही मी लिहायला घेतले होते. ते मी नंतर जाळले.

भागोजी नावाचा गाडीवानांचा मुकादम माझा जुना शिष्य. वय पंचेचाळिशीचे, गाव पूर्णेच्या पैलतीरावर. गावाचे नाव लिहीत नाही. त्याचा मेव्हणा नथू हाही वर्गात होता. सगळ्या वर्गात डी काढावा तर नथूने. भागोजीने त्या आठवड्यात वखारीतली दोन प्रेते खांद्यावरून नेली होती, कारण दुसरे कोणी हात लावेना. एके दिवशी भल्या सकाळी तो माडीवर आला आणि उभ्यानेच म्हणाला, "मास्तर, जाऊन राहिलो. माह्या लेकीचे, मथुरेचे, दिवस भरले. पयलंच बाळंतपण, माहेरी आली हाय अन् मी इथी."

"नाक्यावर सोडतील?"

तो हसला. कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून त्याने मला दाखवला. "हा हाय ना जी तुमचा."

त्याचेच गिरवलेले पान होते. डी अक्षराचे. खाली माझी तांबडी सही, तीन वेटोळ्यांची.

"हा कशाला?"

"आता मास्तर, तुमी तं असे बोलून राहिले जसं काही मालूमच नाही. तिथल्या शिपायाले इंग्रजी कुठं येते? पयल्या दिशी आमच्यातल्या एकानं हेच पान दाखवलं. तांबडी सही पाह्यली अन् जमादारानं सलाम केला. तवापासून याच पानाची बंडी सुटते. दुसरं पान दाखवलं तं म्हणते, हा वेगळा परवाना हाय."

मी खाली बसलो. तो म्हणाला, "काहून? चक्कर आली का?" आणि पाणी आणायला वळला. मी ओरडलो, "माझ्या माठाला हात लावू नका." तो थबकला. मग जिना उतरून गेला.

मी कचेरीत जायला हवे होते. गेलो नाही. कचेरीत गेलो असतो तर खोटे परवाने वाटल्याबद्दल आधी मलाच बसवून ठेवले असते, ही भीती होती. ती मी स्वतःला 'वेळ नाही' या नावाने सांगितली. एक हलकी बंडी मिळवली आणि भागोजीच्या मागे पूर्णेकडे निघालो. वाटेत दोन ठिकाणी बैल नसलेल्या बंड्या उभ्या होत्या. एकीखाली कोणीतरी पांघरूण घेऊन निजले होते. आम्ही थांबलो नाही.

भर दुपारी घाटावर पोचलो. नदी आटलेली, रुंद वाळूच्या मधून गुडघाभर पाणी. पलीकडे भागोजीचे गाव, कडुलिंबांच्या वर सपाट मातीच्या धाब्याची घरे दिसत होती. नाक्यावर बाभळीखाली पंधरावीस बंड्या, आणि भागोजी आपला कागद हातात घेऊन रांगेत. मी सरळ जमादारापुढे गेलो आणि सांगितले की मी अकोल्याचा इंग्रजीचा मास्तर, आणि हे कागद परवाने नाहीत.

जमादार पिकल्या दाढीचा, सभ्य माणूस होता. सहीवाले मास्तर हेच, असे रांगेतून कोणीतरी ओरडले. "साहब, आपका ही तो दस्तखत है," तो म्हणाला. "मंग हे नाही तं काय हाय? काय लिवलं यात?"

सगळे गाडीवान ऐकत होते. मी टाळू शकलो असतो. शाळेचा अभ्यास आहे, एवढे सांगून चालले असते. पण मला सत्य बोलायची खोड, आणि ज्यांना आपण फसवले त्यांना अर्थ तरी कळावा असे वाटले. मी कागद घेतला आणि पाची ओळी मराठीत वाचल्या. मरणाच्या घरी पंचांग नसते, इथपासून मरण आले की त्याला नाही म्हणता येत नाही, इथपर्यंत.

 मग एकाने मुंडाशातून आपले पान काढले आणि निखारा टाकावा तसे दूर फेकले. दुसऱ्याने कमरेच्या पिशवीतले. एकजण, ज्याने ते पान ताइतासारखे गळ्यात बांधले होते, तो दोरा तोडू लागला आणि तो तुटेना, तशी त्याला रडू फुटले. एक म्हातारा गाडीवान माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाला, "आमी मरीमायले गाड्यावर बसवतो तं तुमी शिव्या देता. तुमी तं तिले शंभर बंड्यायवर बसवलं, मास्तर. अन् तेबी सही करून."

एकटा भागोजी घाबरला नाही. त्याने विचारले, "हे इंग्रजायच्या पुस्तकात हाय? नाही म्हनता येत नाही, असं?"

"हो."

"मंग त्यायनं नाका कायले बसवला?"

 मी एवढेच म्हणालो की तुम्ही प्रेते वाहिली आहेत, तुमच्याबरोबर रोग घरी जाईल, आणि घरात बाळंतीण आहे. चार दिवस अलीकडे राहा. अंगात काही नसेल तर मीच कचेरीतून खरा परवाना आणून देतो. त्याने नदीपलीकडे पाहिले. "तुमाले वाटते मी नेईन तिच्याकडं?"

"मला भीती वाटते."

"मलेबी वाटते," तो म्हणाला. "बरं. राहतो." आणि बैल सोडून बाभळीखाली बसला. त्याने वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

जमादार माझ्याहून जास्त घाबरला होता. आतापर्यंत घेतलेले कागद त्याने वरिष्ठांना दाखवण्यासाठी दाभणाने दोऱ्यात ओवून ठेवले होते. तो गठ्ठा त्याने माझ्यापुढे ठेवला. "देखो, इसमें एक तो सच्चा होगा?" मी एकेक कागद पाहू लागलो. सगळे माझे. खाली वेडीवाकडी नावे. आणि मधेच एका पानावर असा सुरेख डी की नाव न वाचताच मी ओळखला. नथू. जमादार म्हणाला, तो तीन दिवसांपूर्वी गेला, घाईत होता, बहिणीच्या घरी जातो म्हणाला.

त्याची बहीण म्हणजे भागोजीची बायको.

मी ते पान दोऱ्यातून काढले आणि खिशात घातले. भागोजीला सांगायचे, हे मी ठरवले. नंतर ठरवले की थोड्या वेळाने सांगायचे. नथू धडधाकट होता. त्याला काही झाले असेलच कशावरून? आणि सांगितले तर भागोजी थांबणार नाही. अशी कारणे एकामागून एक येत गेली, आणि प्रत्येक कारण शहाणपणाचे होते.

भागोजीने फडके सोडले, भाकरी मोडली, कांदा फोडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. ज्या हातांनी प्रेते उचलली ते हात. मी म्हणालो, "आज माझी एकादशी आहे."

"तुमी अन् एकादशी?" तो मनापासून हसला. "मायबाप, पटकीनं मास्तरले पण देवाले लावलं." मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, हसणे थांबवले आणि भाकरी परत घेतली. "बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. "नका खाऊ."

ऊन कलल्यावर पलीकडच्या वाळूत एक बाई घागर घेऊन उतरली. भागोजी उठून पाण्याच्या काठापर्यंत गेला. मी मागे होतो. ती त्याची बायको, गोदा. नदी अरुंद झाली होती, आवाज चांगला येत होता.

"आले का तुमी? मंग तिथी काहून उभे?"

"नाक्यानं अडवलं. चार दिवस. पोरगी कशी हाय?"

"सुटली. सकायीच सुटली. पोरगा झाला तुमच्या नाकाचा."

भागोजीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.  गोदाने वाकून घागर बुडवली आणि बोलतच राहिली, घरातली खबर सांगावी तशी. "नथू आला हाय. पन त्याले बरं नाही. सकायपासून पोटात कयते, लय उलट्या करून राहिला. त्याले मथुरेच्याच खोलीत निजवलं म्या. तिथंच जरा गार हाय."

मी ओरडलो. त्याला बाहेर काढा, बाळंतिणीला त्या खोलीतून हलवा, हे पाणी पिऊ नका, उकळा. पत्रकातले सगळे एका दमात ओरडलो. गोदा घागर धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिने मला कधी पाहिले नव्हते. "हा कोन?" तिने नवऱ्याला विचारले.

भागोजी माझ्याकडे वळला. "नथू कसा गेला पलीकडं?"

मी खिशातला कागद काढला. त्याला वाचता येत नव्हते, पण मेव्हण्याचे अक्षर तो ओळखत होता.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दुपारपासून."

त्याने सूर्याकडे पाहिले. दुपार होऊन किती वेळ झाला ते मोजत असावा. मग धोतर खोचले आणि पाण्यात शिरला. नाक्यावरून जमादार धावत आला, शिपायाने काठी आडवी धरली. जमादाराने भागोजीला हाक मारली नाही. त्याने मला विचारले, "मास्तर, जाने दूँ?" सरकारचा हुकूम वाचता येणारा त्या घाटावर मी एकटा होतो.

"जाऊ द्या," मी म्हणालो.

मी परत अकोल्याला गेलो नाही. तोंड नव्हते. नाक्यावरच्या धर्मशाळेत राहिलो, पाणी उकळून प्यालो, दिवसभर पलीकडे पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी कोणी पाण्यावर उतरले नाही. गावातून ढोलकीचा आवाज आला आणि थांबला. मसणवटीकडे धूर निघाला. दुपारनंतर पुन्हा निघाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागोजी वाळूत आला. काखेत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. तो पाण्याच्या काठाशी थांबला, पुढे आला नाही. फडके जरा वर करून त्याने मला दाखवले. एक मूठ हलली.

"मथुरा?" मी विचारले.

"हाय. लेकरूबी हाय." त्याचा आवाज बसला होता, पण दोघांमधले पाणी थोडे होते. "तिची माय गेली. नथू गेला."

  त्याने मुलाला दुसऱ्या काखेत घेतले आणि मोकळा हात उंच धरून मला थोपवले, रस्त्यात बंडी थोपवावी तसा.

"मास्तर, तुमी इकडं येऊ नका. अजून चौघं पडले हायेत."

मी तिथेच उभा होतो. त्याला वाटले असावे की मी पाण्यात उतरून पलीकडे यायला निघालोच आहे. मी अजून जोडेही काढले नव्हते.